रुग्णाचे वय आणि परिचारिकेचा विवेक

घरचे माणूस इस्पितळात ठेवावे लागले की आपले सारे ध्यान डॉक्टरांच्या फेरीकडे लागते. डॉक्टर सकाळी येतात, नाडी पाहतात, तक्ता वाचतात, दोन शब्द बोलतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. त्यांना पाहावयाचे रुग्ण पुष्कळ असतात. तेव्हा यात त्यांचा दोष नाही. परंतु दिवसाचे तास चोवीस. डॉक्टरांची फेरी संपल्यावर, विशेषतः रात्री दोन-तीनच्या सुमारास, रुग्णाच्या प्रकृतीत पडलेला फरक प्रथम कोणाच्या डोळ्यांना दिसतो? बहुधा परिचारिकेच्या. तो फरक तिला दिसला, त्याचा अर्थ तिने बरोबर लावला आणि वेळेवर डॉक्टरांना बोलावले, तर पुष्कळदा माणूस वाचतो. यातील एक कडी निसटली, तर उत्तमातले उत्तम औषधही उशिरा पोचते. परिचारिकेच्या या विवेकाविषयी, आणि रुग्णाच्या वयाप्रमाणे तो कसा पालटावा लागतो याविषयी, आज काही गोष्टी आपणापुढे मांडावयाच्या आहेत. परिचारिका म्हणताना पुरुष परिचारकही आम्हास अभिप्रेत आहेत, हे आरंभीच सांगून टाकतो.

शुश्रूषा म्हटली की सेवा, ममता, सोशिकपणा हे शब्द आपल्या ओठांवर सहज येतात. ते खोटे नाहीत. पण अपुरे आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि स्वतः रोगी. त्या उपस्थात्याच्या अंगी चार गुण असावेत, असे तेथे म्हटले आहे. त्यांत अनुराग आहे, शौच आहे, दक्षता आहे. परंतु यादीत पहिले नाव आहे ते उपचारज्ञतेचे. मायेच्या आधी ज्ञान! पाश्चात्त्य देशांत आधुनिक शुश्रूषेचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या छोट्या पुस्तकात रुग्णाचे निरीक्षण कसे करावे यासाठी स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले, तेही याच जाणिवेने.

हा विवेक म्हणजे नेमके काय? क्रिस्टीन टॅनर या अमेरिकन परिचर्या-अध्यापिकेने २००६ साली त्याच्या चार पायऱ्या मांडल्या. प्रथम फरक ध्यानात येणे, मग त्याचा अर्थ लावणे, मग कृती करणे, आणि शेवटी त्या कृतीचा काय परिणाम झाला याकडे मागे वळून पाहणे. ऐकावयास हे अगदी साधे वाटते. स्वयंपाकघरातली गृहिणीसुद्धा दुधावर नजर ठेवताना हेच करते, असे कोणी म्हणेल. अडचण आहे ती दुसऱ्या पायरीवर. एकच लक्षण निरनिराळ्या वयांत निरनिराळे बोलते.

नाडीचेच उदाहरण घेऊ. चार रुग्ण शेजारी शेजारी आहेत असे समजा. पाळण्यात निजलेल्या दोन दिवसांच्या बाळाची नाडी मिनिटाला १३० आहे. त्यात चिंतेचे कारण नाही. त्या वयात ती तशीच असावयाची. पाच वर्षांच्या तापलेल्या मुलाची नाडी १३० आहे. ती तापामुळे असू शकेल; ताप उतरल्यावर पुन्हा मोजून पाहावी. चाळीस वर्षांचा माणूस खाटेवर स्वस्थ पडून आहे आणि त्याची नाडी १३० आहे. येथे मात्र तत्काळ डॉक्टरांना बोलावले पाहिजे. आणि चौथ्या खाटेवर ऐंशी वर्षांचे आजोबा आहेत, त्यांची नाडी केवळ ८०. तक्त्यावर हा आकडा निर्दोष दिसेल. परंतु आजोबांना रक्तदाबासाठी नाडी मंद ठेवणारे औषध चालू असेल आणि एरवी त्यांची नाडी ५६च्या पुढे जात नसेल, तर या ८०चा अर्थ काही तरी बिघडले आहे, असा होऊ शकतो. आकडे दोनच, अर्थ मात्र चार. म्हणून रुग्णाची तुलना एकदा त्याच्या वयाशी आणि एकदा त्याच्या स्वतःच्या कालच्या स्थितीशी करावयाची, हे या विद्येचे मूळ सूत्र होय.

आता वयाच्या क्रमानेच पुढे जाऊ. नवजात बालक हा सर्वांत अबोल रुग्ण. जन्मल्याबरोबर त्याची अवस्था मोजण्यासाठी डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ साली पाच लक्षणांची गुणपद्धती प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चेतवल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि कातडीचा रंग यांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यावयाचे, एकदा पहिल्या मिनिटाला व पुन्हा पाचव्या मिनिटाला. आजही ही पद्धती प्रचारात आहे. परंतु पुढच्या चार आठवड्यांतले धोके याहून लपलेले असतात. मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू शिरले की त्याला हुडहुडी भरून ताप चढतो. नवजात बालकाला मात्र अशी हुडहुडी भरत नाही. पुष्कळदा त्याचे अंग तापण्याऐवजी गार पडते. ते दूध ओढेनासे होते, हातपाय सैल टाकते, रडणे क्षीण होते. आणि घरातली मंडळी म्हणतात, 'आज बाळ किती शहाण्यासारखे निजले आहे!' जाणत्या परिचारिकेला नेमकी हीच शांतता खटकते. काल दर दोन-तीन तासांनी अंगावर पिणारे बाळ आज उठवूनही पीत नाही, हे तिच्या दृष्टीने मोठे लक्षण आहे; मग थर्मामीटर काहीही सांगो.

ही नजर मोठ्या शहरातच घडते असे मात्र नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. घरोघर जाऊन बाळाचे वजन, अंगाची ऊब, श्वास आणि दूध पिणे यांवर त्या लक्ष ठेवीत, आणि जंतुदोषाची ठरावीक लक्षणे एकत्र दिसली तर उपचार सुरू करीत. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचा वृत्तान्त आला. ज्या गावांत हे काम झाले तेथे तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचा मृत्युदर, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा कार्यक्रम सुरू झाला तो याच वाटेने. मोजकी लक्षणे, ती पाहण्याचा नेम, आणि दिसल्यावर काय करावयाचे याची स्पष्ट शिकवण, एवढ्या सामग्रीवर हा विवेक गावच्या स्त्रियांच्या हाती आला, ही गोष्ट आपण विसरू नये.

बाळ थोडे मोठे झाले की दोन शत्रू पुढे येतात: न्यूमोनिया आणि जुलाब. खोकणाऱ्या मुलाचा श्वास मोजण्याचे नियम जागतिक आरोग्य संघटनेने वयाप्रमाणे ठरवून दिले आहेत. दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास असतील, तर तो जलद समजावा. मूल शांत असताना आणि पूर्ण एक मिनिट मोजावयाचे. कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो, पाव मिनिट मोजून चौपट करण्याची मोठ्यांची रीत येथे फसवते. ज्या सुइणींना अंक मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी बंग दांपत्याने एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या रांगा असलेले साधे साधन तयार केले होते, हे येथे सांगण्याजोगे आहे.

जुलाबाची गोष्ट पाण्याच्या हिशोबाची आहे. मोठ्या माणसाच्या शरीरातून एक लिटर पाणी गेले तर तो थकेल, तहानेल. पण बहुधा चालत घरी जाईल. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून तेच एक लिटर गेले तर त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला, आणि जीव धोक्यात आला. अशा मुलात काय पाहावयाचे? डोळे खोल गेले आहेत काय. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच पूर्ववत होते की हळूहळू. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाण्याची वाटी पुढे केल्यावर मूल काय करते? झडप घालून पिणारे, चिडचिड करणारे मूल अजून झगडते आहे. पाणी नको म्हणणारे, गळून पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले मूल त्याहून कितीतरी अधिक धोक्यात आहे. पण वॉर्डात आवाज कोणाचा ऐकू येतो? रडणाऱ्याचा. मुलांच्या वॉर्डात शिरलेल्या परिचारिकेने प्रथम गप्प मुलाकडे जावे, असा शहाणपणाचा संकेत आहे, तो यासाठीच. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या लोंढ्यात, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडाने पाजण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर वापरला. खाटा नव्हत्या, शिरेतून द्यावयाचे पाणी संपत आले होते; तेव्हा वाटी-चमचा त्यांनी नातेवाइकांच्याच हाती दिला. पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

मुलांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी त्वरेने सांगतो. पहिली औषधाच्या मात्रेची. मुलाची मात्रा वजनावर ठरते, आणि एकाच औषधाची पातळ व दाट अशी दोन सिरपे बाजारात असतात; म्हणून 'एक चमचा' या शब्दावर परिचारिका कधीही विसंबत नाही. दुसरी वेदनेची. नवजात बालकाला वेदना फारशी कळत नाही अशी समजूत डॉक्टरांतही १९८०च्या दशकापर्यंत होती. १९८७ साली डॉ. आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया होणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास करून, वेदनाशामक न मिळालेल्या बाळांच्या शरीरावर किती मोठा आघात होतो, हे दाखवून दिले. तेव्हापासून चेहऱ्याच्या आठ्या, पायांची ओढाताण, रडण्याची जात यांवरून वेदना वाचणे हाही परिचर्येचा भाग झाला.

तरुण आणि मध्यम वयाचा रुग्ण बोलू शकतो, म्हणून तो सोपा असे आपणास वाटेल. परंतु त्याचे धडधाकट शरीर फार चांगले सोंग आणते. रक्त वाहू लागले की तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून घेते, हृदय जलद चालवते आणि रक्तदाब सांभाळून धरते. सुमारे पाच लिटर रक्तापैकी दीड लिटर जाईपर्यंत रक्तदाबाचा आकडा पुष्कळदा टिकून राहतो, आणि मग एकदम कोसळतो. नुसत्या रक्तदाबावर विसंबणारी परिचारिका येथे फसते; वाढत जाणारी नाडी, गार पडलेले हातपाय, तहान आणि अस्वस्थता पाहणारी वाचवते. बाळंतिणीच्या बाबतीत तर हे प्रत्यही घडते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रसूतीनंतर गेलेल्या रक्ताचा नुसत्या नजरेने केलेला अंदाज, मापाच्या खुणा असलेल्या पिशवीत मोजलेल्या रक्तापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी भरला. अनुभवी डोळासुद्धा मापाशिवाय चुकतो, हा त्याचा धडा. २०२३ साली आफ्रिकेतील चार देशांतल्या मोठ्या चाचणीत, असेच मोजून रक्तस्राव लवकर ओळखणे आणि सारे उपचार एकदम सुरू करणे या जोडीने, गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे आणि त्यातून होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी उतरले.

मध्यम वयाच्या पुरुषाची अडचण निराळी. तो म्हणतो, 'काही नाही, गॅस झाला आहे.' त्याला रजा नको असते, खर्च नको असतो. घाम, पिवळा पडलेला चेहरा आणि डाव्या हातात उतरणारी कळ यांकडे पाहणारी परिचारिका त्याच्या शब्दांवर थांबत नाही. मधुमेह्याला तर हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला पोट का दुखते हे आईच्या देखत विचारून खरे उत्तर मिळण्याचा संभव थोडा. आईला क्षणभर बाहेर बसवणे हाही विवेकच.

आता वृद्धांकडे येऊ. आपल्या घरांतून आज ही संख्या वाढत आहे आणि सर्वांत अधिक गैरसमजही येथेच आहेत. वृद्धाचे शरीर नवजात बालकासारखेच धोक्याची घंटा मोठ्याने वाजवीत नाही. मूळचेच तापमान कमी असल्यामुळे ९९ अंशांचा किरकोळ ताप त्याच्या दृष्टीने मोठा असू शकतो. न्यूमोनियात खोकला नसतो. हृदयविकारात छातीऐवजी नुसता थकवा, धाप किंवा वांती असते. तहान लागेनाशी होते, म्हणून पाणी कमी पडते. मग दिसते काय? परवापर्यंत नातवाला गोष्टी सांगणाऱ्या आजी आज मुलाला ओळखत नाहीत, रात्री उठून माहेरी जावयास निघतात, किंवा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. घरचे म्हणतात म्हातारचळ लागला, वय झाले. परंतु वयाने येणारा विसर महिनोन्‌महिने हळूहळू येतो. चार-सहा तासांत किंवा दोन दिवसांत आलेला भ्रम हा बहुधा आजार असतो: लघवीतला किंवा छातीतला जंतुदोष, रक्तातील मिठाचे प्रमाण घटणे, तुंबलेली लघवी, किंवा नव्याने सुरू झालेली एखादी गोळी. यांतले पुष्कळसे बरे होण्याजोगे आहे. त्यातही आरडाओरडा करणाऱ्या वृद्धाकडे लक्ष जाते. गुंगून गप्प पडलेल्याकडे जात नाही. मुलांच्या वॉर्डातला नियम येथे पुन्हा लागू पडतो.

कातडीचेही तसेच. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची माकडहाडाची जागा, टाचा, खुबे रोज पाहिले पाहिजेत आणि साधारण दर दोन तासांनी कूस पालटली पाहिजे, हे सर्वश्रुत आहे. परंतु पुस्तकांतून 'लाली' पाहा असे लिहिलेले असते, आणि आपल्याकडील सावळ्या कातडीवर ती लाली सहसा दिसत नाही. येथे बोटांनी पाहावे लागते: आजूबाजूपेक्षा ती जागा गरम आहे काय, टणक लागते काय, स्पर्श करताच रुग्ण कळवळतो काय?

या साऱ्याला आकड्यांची मदत घ्यावी की न घ्यावी? अवश्य घ्यावी. ब्रिटनमध्ये २०१२ साली श्वास, प्राणवायूचे प्रमाण, तापमान, रक्तदाब, नाडी आणि शुद्ध यांना गुण देऊन बिघाड लवकर ओळखण्याचा राष्ट्रीय तक्ता तयार झाला. २०१७च्या सुधारणेत नव्याने आलेल्या भ्रमाला त्यात मोठे गुण देण्यात आले. परंतु हा तक्ता सोळा वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना लावू नये, असे त्याचे कर्तेच सांगतात. म्हणजे कोणता तक्ता कोणाला लावावा, हे ठरवावयास पुन्हा विवेक हवाच. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिक्या परिचारिकेपासून निष्णात परिचारिकेपर्यंतच्या पाच अवस्था वर्णिल्या. नवशिकी नियम धरून चालते. निष्णात परिचारिकेला दारातूनच 'हा रुग्ण ठीक दिसत नाही' असे जाणवते. ही काही सिद्धी नव्हे. शेकडो रुग्ण लक्षपूर्वक पाहिल्याचा तो साठा असतो.

पण जाणवलेले सांगता आले पाहिजे. मध्यरात्री डॉक्टरांना उठवून 'पेशंट बरा वाटत नाही' एवढेच म्हटले तर उत्तर 'सकाळी पाहू' असे येणार. म्हणून सांगण्याचीही एक रीत शिकवली जाते: आता काय झाले, मागची हकीकत काय, मला काय वाटते, आणि तुमच्याकडून काय हवे. 'खाट नऊवरील ७४ वर्षांच्या बाई. काल खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली. संध्याकाळी नीट बोलत होत्या, आता दिवस की रात्र ते कळत नाही. श्वास १८ होता, आता २६ आहे. छातीत काही तरी झाले असावे अशी शंका येते. आपण येऊन पाहावे.' असा निरोप टाळता येत नाही. मात्र ऐकणाऱ्याच्या मनातही, ही नर्स आपणास शिकवते आहे, असा अहंकार नसावा. आमच्या मते पुष्कळ जीव या अहंकारापायी जातात.

आणि पाहण्यास वेळ तर हवा! लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखवले की, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री एकच सिस्टर ठेवून तिच्याकडून गप्प मुलाकडे आधी जाण्याची अपेक्षा कशी करावी? नवी इमारत, नवे यंत्र यांची चौकशी आपण नागरिक करतो. रात्रपाळीला किती परिचारिका असतात, हाही प्रश्न विश्वस्तांना व नगरपित्यांना विचारण्याचा आपणास अधिकार आहे.

शेवटी श्रोत्यांकडे वळतो, कारण या विद्येतला अर्धा वाटा आपल्या हाती आहे. रुग्णाची कालची स्थिती परिचारिकेला ठाऊक नसते. ती आपणास ठाऊक असते. म्हणून दाखल करतानाच सांगा: आजोबा एरवी स्वतः चालतात, वर्तमानपत्र वाचतात, कमी ऐकू येते, अमुक गोळ्या घेतात. त्यांचा चष्मा आणि कानाचे यंत्र घरी विसरू नका. बाळ दिवसातून किती वेळा पिते, लंगोट किती वेळा ओला होतो, हे आईने सांगावे. 'आज हा नेहमीसारखा नाही' असे आपणास वाटले, तर संकोच न करता सिस्टरांना सांगा; आईच्या किंवा सुनेच्या या एका वाक्यात पुष्कळदा तक्त्यापेक्षा अधिक माहिती असते. आणि सिस्टर तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारीत आली, रात्री निजलेल्या रुग्णाला हलवून नाव विचारू लागली, तर तिच्यावर चिडू नका. ती पहिल्या उत्तराशी आताचे उत्तर ताडून पाहत असते.